यादीबाहेरचा क्षय

मंगरूळपीर,
ता. ५ ऑगस्ट १९५७

डॉक्टरसाहेब,

मायना शोधत बसले नाही. अकोल्याचे घर सोडल्यापासून तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हा प्रश्नच पडला नव्हता, कारण लिहिण्याची वेळ आली नव्हती. ती आज आली, आणि तुमच्या सहीमुळे आली.

तुमच्या नागपूरच्या आकडेवारी शाखेकडून माझ्या दवाखान्याचे जुलैचे पत्रक परत आले आहे. त्यावर तांबड्या शाईत शेरा आहे: 'निदान यादीबाहेरचे. योग्य क्रमांक घातला आहे.' खाली तुमची सही. ती मी कुठेही ओळखीन. कॉलेजात माझ्याच वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तुम्ही ती गिरवलीत.

मी लिहिले होते: 'फुप्फुसाचा क्षय, स्ट्रेप्टोमायसीनला न जुमानणारा.' रुग्ण रूपाबाई, धनसिंगची बायको, नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातली. हिवाळ्यापासून मी स्वतः तिला सुया देते आहे. सुरुवातीला थोडा उतार पडला, मग ताप परत आला, मग रक्त. तिची थुंकी मी मोटारीने कारंज्याला, तिथून छोट्या आगगाडीने मूर्तिजापूरला आणि पुढे नागपूरला तपासायला पाठवली. उत्तर आले की औषध घातलेल्या काचेतही जंतू खुशाल वाढले. याहून स्पष्ट निदान कोणते असते?

तुमच्या कारकुनाने माझे शब्द खोडून त्या जागी रोगांच्या यादीतला क्रमांक ००२ लिहिला. साधा क्षय. येथवर मी गिळले असते. पण 'उपचाराचा परिणाम' या रकान्यात ती बरी झाली नाही आणि मेलीही नाही, म्हणून उरलेला तिसरा शब्द त्याने टाकून दिला: 'सोडला.' म्हणजे रूपाबाईने उपचार सोडला! आणि उपचार सोडणाऱ्याला नव्या गोळ्या मंजूर करायच्या नाहीत, असा तुमचाच नियम आहे.

त्या गोळ्यांवाचून ही बाई जगणार नाही. दुरुस्ती करून पत्रक परतीच्या टपालाने पाठवावे.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. ३० ऑगस्ट १९५७

डॉक्टरसाहेब,

उत्तर मिळाले. टंकलिखित, 'श्रीमती' ने सुरू होणारे. बरे केलेत.

तुम्ही लिहिता की ही यादी साऱ्या जगाची आहे, ती जिनिव्हात ठरते, आणि तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. जिनिव्हाला हात लावा असे मी कुठे म्हटले? ००२ राहू द्या. त्याच्यापुढे एक 'न' लावा. न जुमानणारा. वर पाठवताना तो 'न' गाळा, पण गोळ्या वाटताना वाचा. एका अक्षराला मंजुरी कोणाची लागते, तेही कळवा. त्या गृहस्थालाही पत्र लिहीन.

दुसरे तुम्ही लिहिता की तांड्यातली माणसे कामासाठी भटकतात, तेव्हा 'सोडला' हा तर्क अवाजवी म्हणता येणार नाही. तर्क! रोग्याला न बघता!

तुमचा पडताळणी करणारा माणूस येथे येऊन गेला. पांढरी विजार, हातात छत्री. खाटेपासून चांगला दूर उभा राहून त्याने रूपाबाईला विचारले, "मध्ये किती दिवस आली नव्हतीस?"

ती म्हणाली, "मी कवा नाई आली?"

"कागदावर तू सोडून गेलीस असं आहे."

"मी सोडून गेली, मंग हे ढुंगण कोनाचं सुजलं? कागदाचं?"

वाक्य तिचेच ठेवले आहे. तुम्हाला ग्राम्य वाटेल, पण तुमच्या शाखेला आजवर मिळालेला सर्वांत खरा पुरावा तोच आहे. धनसिंग दाराशी होता. तो पहिल्यांदाच हसताना दिसला. तुमचा माणूस मात्र हसला नाही. त्याने वहीत काही लिहिले आणि मोटार चुकेल म्हणून निघून गेला.

आता मीच तुम्हाला पुरावा देते. श्रावणात नाल्याला पूर होता तेव्हा धनसिंगने तिला खांद्यावर बसवून आणले. सुई घेतली, थरथरत बसली, आणि पाणी उतरेपर्यंत दोघे माझ्या व्हरांड्यात भाकरी खात होते. उपचार सोडणारी माणसे अशी असतात का? सोडले आहे ते तुम्ही, कचेरीत बसून.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. २ ऑक्टोबर १९५७

डॉक्टरसाहेब,

तुम्ही विचारता, न जुमानणारा जंतू त्या बाईला मिळाला कोठून? प्रश्न योग्य आहे. तो तुम्ही टोमणा म्हणून विचारलात, पण मी उत्तर शोधायला तांड्यात जाऊन आले.

तांड्याचा नायक सेवादास. वयस्क आहे, मिशीवाला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. दोन वर्षांपूर्वी त्यालाच क्षय झाला होता. अकोल्याच्या कोणा डॉक्टरने स्ट्रेप्टोमायसीनच्या कुप्या लिहून दिल्या आणि त्याने त्या आणल्या. एका माणसाला पुरेल इतके औषध. मी विचारले, "सगळ्या कुप्या तू घेतल्यास ना?"

तो मलाच वेड्यात काढल्यासारखा बघू लागला. "म्या एकट्यानं? खोकला त साऱ्याइले होता, बाई. बाजारातल्या सुईवाल्याले बलावलं. ज्याले ज्याले खोकला, त्याले त्याले थोडी थोडी देल्ली."

"थोडी थोडी?"

"बराबर वाटे केले. नाप घेऊन."

या तांड्यात शिकारीला ससा सापडला तरी प्रत्येक झोपडीला वाटा जातो. ज्याच्या घरचा कर्ता परगावी आहे, त्याच्या दारात आधी. सेवादासाने सशाचे केले तेच औषधाचे केले, आणि मापही चोख घेतले. मी त्याच्यावर ओरडले. म्हटले, तू एका माणसाचे औषध सगळ्यांना वाटलेस, त्याने तुझा रोग तेवढा दबला, बाकी कोणाचा गेला नाही, फक्त जंतूंना औषधाची चव कळली. आता ते त्याला भीत नाहीत. त्या वाटेकऱ्यांत रूपाबाई होती. तिची जाऊ नानीबाईही होती.

त्याने पागोटे काढून मांडीवर घेतले. मग म्हणाला, "बाई, तुमी काहून रागावून राह्यल्या ते समजलं. पन मले एक सांगा. बाजूच्या झोपडीत लेकरू खोकलून राह्यलं, अन् म्या एकट्यानं सुई घ्यावं? थो घास उतरते का गळ्याखाली?"

मी तिथून चालत दवाखान्यात आले आणि कपाट उघडले, कारण त्याचे 'बराबर वाटे' हे शब्द मी आधी कुठेतरी वाचले होते. तीन वर्षांपूर्वीचे तुमचे परिपत्रक: 'उपलब्ध साठा मर्यादित असल्याने तो सर्व क्षयरुग्णांमध्ये समप्रमाणात विभागून द्यावा, जेणेकरून कोणी वंचित राहू नये.' खाली तीच सही.

सेवादास शाळेत गेलेला नाही. तुम्ही तर सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलात. त्याने एका तांड्याचे केले, तुम्ही चार जिल्ह्यांचे केलेत!

मी तेव्हाच कळवले होते की हे मी करणार नाही. ज्यांचा उपचार पुरा होईल अशा थोड्यांना पुरे औषध देईन, बाकीच्यांना परत पाठवीन. त्यावर मला ताकीद मिळाली, तीही जपून ठेवली आहे. परत पाठवलेल्यांत सेवादास होता. म्हणून तो अकोल्याला गेला. याची मला खंत नाही. खंत करण्याइतका वेळ तुमच्या खात्याने मला दिलेला नाही. चीड आहे.

तेव्हा जंतू कोठून आला, याचे उत्तर असे: थोडा तांड्यातून, थोडा तुमच्या टेबलावरून. आता क्रमांकाचे बघा. नानीबाईची थुंकीही नागपूरला गेली आहे.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. १८ नोव्हेंबर १९५७

डॉक्टरसाहेब,

पुडके मिळाले.

वर कचेरीचा शिक्का नाही. आत आयसोनियाझिडच्या नव्या गोळ्या, त्यांच्याबरोबर घ्यायच्या कडू पावडरचे डबे, आणि तुमच्या हातची चिठ्ठी: 'रूपाबाईसाठी. कचेरीत उल्लेख नको.'

म्हणजे तुम्हाला निदान पटले आहे. पहिल्याच पत्रात पटले असणार, तुम्ही मूर्ख कधीच नव्हता. तिला साधा क्षय असता तर तुम्ही स्वतःच्या हाताने हे डबे बांधले नसते. तिचा रोग कोणता हे तुम्हाला माहीत आहे, फक्त तो तुमच्या सहीखाली दिसता कामा नये!

हे मी तुमचे पूर्वीही पाहिले आहे. या पत्रांत मी तिचे नाव काढणार नव्हते. आता काढते. आपली लेक कुमुद गेली तेव्हा माझ्या खांद्यावर डोके ठेवून तुम्ही रडलात आणि म्हणालात, 'क्षय मेंदूत गेला, आपण काही करू शकत नव्हतो.' मग डोळे पुसून ओसरीवर गेलात आणि जमलेल्यांना विषमज्वर म्हणून सांगितलेत. नगरपालिकेतही तेच लिहून दिलेत. तुमच्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोणी केली नसती. लग्न झाले. तिची मुलेही मोठी झाली असतील आता.

पण कुमुदच्या शेजारी जिची सतरंजी असे, त्या आपल्या स्वयंपाकीणबाईच्या मुलीला कोणी तपासले नाही. कारण विषमज्वर झालेल्या घरात क्षय कोण शोधतो? पुढच्या वर्षी ती गेली. हे मला तिच्या आईने सांगितले, तुम्ही नाही. लोक समजतात की तुम्ही दुसरे लग्न केलेत म्हणून मी घर सोडले. मी ते तसेच समजू दिले. तुमचे दुसरे लग्न मी घर सोडल्यानंतर झाले, हे हिशेबात कोणी धरत नाही.

असो. पुडक्याची अडचण ऐका.

नानीबाईची तपासणी आली. तिचाही जंतू तोच, रोग मात्र अजून एकाच बाजूला आहे. मांडीवर दूधपिते मूल आहे. तुम्ही एका माणसाचे औषध पाठवलेत आणि रोगी दोन आहेत. अर्धे अर्धे दिले तर दोघी मरतील, आणि मरण्याआधी तांड्याला असा जंतू देऊन जातील, ज्याला या गोळ्याही चालणार नाहीत. सेवादासाला आणि मला दोघांनाही हे आता चांगले समजते. तुम्हालाही समजते. तरी तुम्ही एकाच नावाची चिठ्ठी लिहिलीत, कारण एका नावाची दया करायला क्रमांक लागत नाही.

उद्या तांड्यात जाणार आहे.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. ९ डिसेंबर १९५७

डॉक्टरसाहेब,

काय झाले ते तुम्ही विचारलेले नाही. तरी सांगते.

सेवादासाच्या झोपडीपुढे सगळे बसले. मी डबे मध्ये ठेवले आणि म्हटले, हे एकाच माणसाचे आहे. आज वाटे करायचे नाहीत.

सेवादास म्हणाला, "एकट्याचा वाटा आमच्या तांड्यात होत नाई, बाई. कवाच झाला नाई."

"मग दोन सरणे रचा," मी म्हटले. कठोर बोलले. गोड बोलायला गेले असते तर बोलताच आले नसते.

नानीबाई मुलाला पदराखाली घेऊन खाली बघत होती. तेवढ्यात रूपाबाई खोकली आणि खोकला आवरून म्हणाली, "मंग इचार कायचा करता? नानीले द्या. तिचं लेकरू अजून अंगावर पेते."

धनसिंग उठला. "पुडक्यावर तुयं नाव हाय," तो म्हणाला. "नागपूरच्या सायबानं तुयं नाव लिवलं."

"सायबानं मले पायलं का कवा?" ती म्हणाली. "नाव लिवलं म्हने!"

धनसिंग तसाच नाल्याकडे निघून गेला. मग सेवादासाने माझ्याकडे पाहिले. निवाडा तो देणार नव्हता, तो मलाच द्यायचा होता. डॉक्टर म्हणून विचाराल तर रूपाबाईची दोन्ही फुप्फुसे गेली आहेत आणि नानीबाई वाचू शकते. मी म्हटले, नानीबाई. हा शब्द मला उच्चारावा लागला, आणि तो माझ्या तोंडी तुम्ही घातलात, हे मी विसरणार नाही.

नानीबाईला दवाखान्यात ठेवून घेतले आहे. गोळी मी स्वतः जिभेवर ठेवते आणि तोंड उघडून बघते, कारण पहिल्याच दिवशी तिने एक गोळी रूपाबाईसाठी पदरात बांधली होती. फार रागावले. ती म्हणाली, "एकच त होती, बाई."

मूल रूपाबाईपासून आणि तिच्यापासूनही दूर, वेगळ्या झोपडीत राहणाऱ्या सेवादासाच्या सुनेकडे आहे. औषधाचे वाटे करता येत नाहीत म्हणून तांड्याने नानीबाईचे कामच वाटून घेतले आहे. तिचे पाणी एकीने, तिची गुरे दुसऱ्याने, तिची कापसाची वेचणी सगळ्यांनी मिळून. धनसिंग रोज तिच्यासाठी दूध आणून दाराशी ठेवतो. आत येत नाही.

रूपाबाईसाठी अजून वेळ आहे. थोडा. तुमच्या एका अक्षराएवढा.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. ३ फेब्रुवारी १९५८

डॉक्टरसाहेब,

नव्या वर्षापासून लागू झालेली यादी तुम्ही आवर्जून पाठवलीत. 'नव्या यादीत काही सोय होते का पाहू' असे तुम्ही मागे लिहिले होते. पाहिली. क्षय होता तिथेच आहे, ००२. सोय झालेली नाही.

रूपाबाई परवा सकाळी गेली. शेवटचे दोन आठवडे ती तांड्यातच होती. मी जात असे. देण्यासारखे काही माझ्याजवळ नव्हते, कफाचे औषध तेवढे. आदल्या दिवशी तिने विचारले, "नानीचं वजन वाढून राह्यलं ना?" मी हो म्हटले. ते खरे आहे. ती म्हणाली, "मंग मले सारकी कटकट नका करू खायची."

गावच्या पोलीस पाटलाने मृत्यूची नोंद 'ताप' अशी केली आहे. त्याच्या कागदात पटकी, देवी, ताप आणि हगवण एवढेच मावते. त्याच्यावर मी रागावत नाही.

माझे पत्रक सोबत आहे. मृत्यूचे कारण मी असे लिहिले आहे: 'फुप्फुसाचा क्षय, स्ट्रेप्टोमायसीनला न जुमानणारा. दुसरे औषध अस्तित्वात होते. ते मंजूर झाले नाही.' परिणामाच्या रकान्यात 'सोडला' खोडून 'मृत' केले आहे. आता तरी तुमच्या कारकुनाला तिसरा शब्द शोधावा लागणार नाही.

परत पाठवाल तर मी पुन्हा पाठवीन. टपाल रोज सुटते.

प्रयाग

मंगरूळपीर,
ता. १० मार्च १९५८

डॉक्टरसाहेब,

रूपाबाईचे पत्रक परत आले. या वेळी तांबडा शेरा नाही. ००२ च्या पुढे एक बारीक 'न' आहे. अक्षर तुमचे. नानीबाईच्या पत्रकावरही तसाच. सोबत चिठ्ठी की हे सध्या असेच राहू द्यावे, वरून मान्यता आली की पक्के करता येईल.

पत्रक खिडकीशी धरून पाहिले. पेन्सिल आहे.

क्षणभर बरे वाटले, हे लपवीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही खरे ते कागदावर लिहिलेत, बोटभर का होईना. मग राग आला तो असा की हात धुऊन येऊन पत्र लिहायला बसले. पेन्सिल कोणासाठी? कोणी विचारलेच तर खोडता यावे म्हणून ना? पत्रक पाहून तुमचे भांडारवाले गोळ्या देतात. पेन्सिलीला ते विचारणार नाहीत.

नानीबाईला अजून वर्षभर औषध लागेल. पुडक्यातल्या गोळ्या चैत्रात संपतील. मध्येच थांबल्या तर रूपाबाईने दिलेला वाटा फुकट जाईल आणि जंतू दुसरे औषधही शिकून घेतील. तुम्ही पुन्हा खासगी पुडके पाठवाल तर मी घेईन. रोग्याच्या बाबतीत मला मानापमान नाही. पण त्याची पोच तुमच्या नावाला देणार नाही, कचेरीच्या नावाला देईन. कोणी पाठवले, कधी, कोणत्या रोगासाठी, सगळे सविस्तर. मागच्या पुडक्यासकट.

त्यापेक्षा सोपे सांगते. त्या 'न' वरून शाई मी फिरवू शकते, दौत माझ्यासमोर आहे. सेवादास आज नानीबाईला बघायला आला होता, त्याला सगळे वाचून दाखवले, तर तोही म्हणाला, "आना इकडे बाई, मीच गिरवतो." त्याला अक्षर येत नाही, तरी तो तयार आहे. पण अक्षर आमच्या दोघांचे चालणार नाही. तुमचेच लागेल, तुमच्या सहीच्या शेजारी.

दोन्ही पत्रके सोबत परत पाठवीत आहे.

शाईने लिहा.

प्रयाग